डिस्नेलँडची सहल : तीन पिढ्या, एक दिवस

लॉस एंजेलिस शहरातील ग्रिफिथ पार्क या उद्यानात १९२६ साली बांधलेले लाकडी घोड्यांचे एक मेरी-गो-राउंड आहे. चित्रपट निर्माते वॉल्ट डिस्ने सुटीच्या दिवशी आपल्या दोन लहान मुलींना तेथे घेऊन येत. मुली घोड्यांवर बसून फिरत आणि वडील बाजूच्या बाकावर बसून त्यांच्याकडे पाहत राहत. आईवडील आणि मुले यांना एकत्र मौज करता येईल अशी एखादी जागा का असू नये, हा विचार त्या बाकावर बसल्या बसल्या मनात आला, असे डिस्ने पुढे सांगत असत. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे सुमारे १६० एकर संत्र्यांच्या बागा विकत घेऊन उभारलेले डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले. जगभरातील मनोरंजन उद्यानांनी पुढे ज्याचा कित्ता गिरवला, ते हे उद्यान.

डिस्नेलँडच्या जन्माची ही कथा तेथे जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. महाराष्ट्रातून मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेस गेलेल्या आजी-आजोबांच्या मुक्कामात कॅलिफोर्नियाची सहल बहुधा ठरलेली असते आणि त्या सहलीत डिस्नेलँडचा एक दिवस असतोच. संध्याकाळी त्या दिवसाचा हिशेब मांडला, तर पुष्कळदा असे आढळते की, नातवंडांच्या दहा-बारा राइड झाल्या, मुलगा आणि सून रांगेत उभे राहून थकले आणि आजी दिवसभर पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि बाबागाडी सांभाळीत बसून राहिल्या. बाकावरच्या एकटेपणावर उपाय म्हणून जे उद्यान निर्माण झाले, तेथे त्यांच्या वाट्याला बाकच आला. हे टाळणे अवघड नाही. मात्र त्यासाठीची आखणी प्रवेशद्वारापाशी नव्हे, घरी बसून करावी लागते.

ठिकाण आणि काळ

अ‍ॅनाहाइम हे शहर लॉस एंजेलिसच्या आग्नेयेस ऑरेंज काउंटीत आहे. लॉस एंजेलिसच्या मुख्य विमानतळापासून ते सुमारे ५५ किलोमीटर अंतरावर आहे. सँटा अ‍ॅना येथील जॉन वेन विमानतळ त्याहून बराच जवळ पडतो. सॅन फ्रान्सिस्को परिसरातून मोटारीने येणाऱ्यांना सहाशे किलोमीटरच्या आसपास अंतर कापावे लागते. एवढ्या प्रवासानंतर त्याच दिवशी उद्यानात शिरण्याचा मोह टाळावा आणि आदल्या रात्री जवळपास मुक्काम करावा. भारतातून नुकतेच आलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत तर झोपेचे वेळापत्रक रुळावर येईपर्यंत, म्हणजे किमान आठवडाभर, ही सहल ठेवू नये.

येथे एकमेकांसमोर दोन उद्याने आहेत. पहिले मूळचे डिस्नेलँड आणि दुसरे ८ फेब्रुवारी २००१ रोजी सुरू झालेले डिस्ने कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचर. दोन्ही उद्याने एकाच दिवशी पाहता येतील असे तिकीटही मिळते. तरुण मित्रमंडळींना ते सोयीचे असले, तरी लहान मूल आणि सत्तरीचे आजोबा बरोबर असताना एका दिवसासाठी एकच उद्यान निवडणे शहाणपणाचे ठरते. दोन दिवस हाताशी असल्यास प्रत्येक उद्यानाला एक दिवस द्यावा. पहिल्यांदाच जाणाऱ्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाने मूळचे डिस्नेलँड आधी पाहावे. उंचीची अट नसलेल्या आणि सर्वांना एकत्र बसता येईल अशा राइड तेथे अधिक आहेत.

गर्दीच्या दृष्टीने नाताळ ते नववर्ष हा आठवडा, मार्च-एप्रिलमधील वसंत ऋतूची सुटी आणि जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत कठीण. महाराष्ट्रातील शाळांना सुटी लागलेली असते आणि अमेरिकेतील शाळा अद्याप सुरू असतात, असा मे महिन्याचा पहिला पंधरवडा मराठी कुटुंबांना विशेष सोयीचा आहे. आठवड्यातही शनिवार-रविवारपेक्षा मंगळवार ते गुरुवार हे दिवस बरे. मे-जूनमध्ये सकाळी आकाश ढगाळ असते, दुपारी ऊन तापते आणि सूर्यास्तानंतर हवेत गारवा येतो. पुण्या-मुंबईच्या मेची सवय असलेल्यांना संध्याकाळी स्वेटरची आठवण होते, ती याचमुळे.

वर्षातून ठरावीक काळ काही राइड दुरुस्तीसाठी बंद असतात. ज्या राइडसाठी एवढा प्रवास करायचा, तीच बंद असल्याचे फाटकापाशी कळू नये, यासाठी उद्यानाच्या अधिकृत संकेतस्थळावरील बंद राइडची यादी तिकीट काढण्यापूर्वी पाहावी.

तिकीट आणि रांग टाळण्याची सोय

तिकिटाचे दर दिवसागणिक बदलतात. गर्दीच्या दिवसाचे तिकीट महाग आणि निवांत दिवसाचे स्वस्त, असे साधे सूत्र आहे. तीन वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही. तीन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांसाठी वेगळा दर असून, दहाव्या वर्षापासून प्रौढांचे तिकीट लागू होते. वाहनतळाचे शुल्क वेगळे पडते. तिकीट घेताना त्यासोबत ठरावीक दिवसाचे आरक्षण करणे आवश्यक आहे का, हेही तपासून घ्यावे.

रांगेत ताटकळणे वाचविण्यासाठी डिस्नेच्या उद्यानांनी १९९९ साली 'फास्टपास' ही सोय सुरू केली. यंत्रातून निघालेल्या कागदी चिठ्ठीवरील वेळेस गेले की वेगळ्या, छोट्या रांगेतून प्रवेश मिळे आणि त्यासाठी पैसे पडत नसत. डिस्नेलँडमध्ये २०२१च्या अखेरीस तिची जागा सशुल्क सेवेने घेतली. जुलै २०२४ पासून ही सेवा 'लाइटनिंग लेन मल्टी पास' या नावाने मिळते. मोबाइल फोनवरील अ‍ॅपमधून एका वेळी एका राइडची वेळ राखून ठेवायची, ती वापरली की पुढची घ्यायची, अशी ही पद्धत आहे. अत्यंत मागणी असलेल्या एखाद्या राइडसाठी स्वतंत्र शुल्क आकारले जाते. मात्र पीटर पॅन्स फ्लाइटसारख्या काही जुन्या राइड या सेवेत येत नाहीत. त्यामुळे घरातील मूल चार वर्षांचे असेल आणि आजी-आजोबांना वेगवान राइड नको असतील, तर सहाही जणांसाठी ही सेवा विकत घेण्याचे कारण उरत नाही. ज्यांना वेगवान राइड करायच्या आहेत, त्यांच्यापुरतीच ती घेतली तरी चालते.

उंचीची पट्टी

राइड निवडताना पहिला निकष वय हा नसून उंची हा आहे. अडकपट्टा आणि आसन यांची रचना ठरावीक उंचीच्या शरीरासाठी केलेली असते आणि म्हणून या अटीत सवलत मिळत नाही. राइडच्या तोंडाशी मोजपट्टी असते आणि मूल बूट घालून त्याखाली उभे राहते. डिस्नेलँडमधील प्रमुख राइडसाठी आवश्यक असलेली किमान उंची पुढीलप्रमाणे आहे :

मिलेनियम फाल्कन : स्मगलर्स रन – ९७ सें.मी. (३८ इंच)
स्पेस माउंटन – १०२ सें.मी. (४० इंच)
बिग थंडर माउंटन रेलरोड – १०२ सें.मी. (४० इंच)
स्टार टूर्स – १०२ सें.मी. (४० इंच)
टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर – १०२ सें.मी. (४० इंच)
राइज ऑफ द रेझिस्टन्स – १०२ सें.मी. (४० इंच)
मॅटरहॉर्न बॉबस्लेड्स – १०७ सें.मी. (४२ इंच)
इंडियाना जोन्स अ‍ॅडव्हेंचर – ११७ सें.मी. (४६ इंच)

शेजारच्या कॅलिफोर्निया अ‍ॅडव्हेंचरमधील इन्क्रेडिकोस्टर या रोलर कोस्टरसाठी १२२ सें.मी. (४८ इंच), तर रेडिएटर स्प्रिंग्ज रेसर्ससाठी १०२ सें.मी. उंची लागते. राइडमध्ये बदल झाला की अटही बदलू शकते, म्हणून प्रत्यक्ष फलकावरील आकडा अंतिम मानावा.

निघण्यापूर्वी घरच्या दाराच्या चौकटीला टेकवून मुलाची उंची मोजावी आणि त्याला कोणत्या राइड मिळतील, कोणत्या नाहीत, हे त्याच दिवशी त्याला समजावून सांगावे. पाऊण तास रांगेत उभे राहून दोन सेंटिमीटरसाठी परत पाठविले गेलेले मूल पुढचा तासभर रडते आणि त्या तासाची भरपाई कोणतीही राइड करीत नाही. उंची भरावी म्हणून बुटात घड्या घालण्याचे उद्योग मात्र चुकूनही करू नयेत. उंची पुरते म्हणून मूल घाबरणार नाही, असेही नव्हे. स्पेस माउंटन पूर्ण अंधारात धावते. ज्या मुलाला घरी दिवा मालवून झोपता येत नाही, त्याला तेथे बळेबळे बसवू नये. ऐन वेळी मूल नको म्हणाल्यास रांगेतून बाहेर पडण्याची वाट असते आणि तेथील कर्मचारी ती दाखवितात.

प्रकृतीचा विचार

उंचीची पट्टी जशी मुलांसाठी, तशी प्रकृतीची सूचना मोठ्यांसाठी असते. हृदयविकार, उच्च रक्तदाब, मानेचे किंवा पाठीचे दुखणे आणि गर्भावस्था असल्यास वेगवान राइड टाळाव्यात, अशी सूचना प्रत्येक संबंधित फलकावर लिहिलेली असते. मराठी घरातील ज्येष्ठ मंडळी 'आता आलोच आहोत तर' म्हणून किंवा नातवंडांचा विरस नको म्हणून ती नजरेआड करतात. मॅटरहॉर्नवर पाठीला बसणारे हिसके तरुणांनाही जाणवतात. इंडियाना जोन्सची गाडी उसळत धावते. स्टार टूर्समध्ये बसल्या जागी आसन हलते आणि समोर पडद्यावरची दृश्ये वेगाने पळतात, त्यामुळे घाटात गाडी लागणाऱ्यांना तेथेही मळमळते. मणक्याचा त्रास असलेल्यांनी या तिन्ही ठिकाणी जाऊ नये. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असल्यास डॉक्टरांचा सल्ला भारतातून निघतानाच घ्यावा. औषधे मूळ वेष्टनासह आणि प्रवासाच्या आरोग्यविम्याची कागदपत्रे जवळ ठेवावीत.

या उद्यानात दिवसभरात सहज दहा-बारा किलोमीटर चालणे होते. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मुख्य प्रवेशद्वाराजवळ चाकाच्या खुर्च्या भाड्याने मिळतात. घरी रोज देवळापर्यंत चालत जाणाऱ्या आजींना खुर्चीत बसणे कमीपणाचे वाटते आणि त्या नकार देतात. त्यांचा शब्द प्रमाण मानून खुर्ची न घेतल्यास दुपारी दोननंतर पाय बोलू लागतात आणि मग साऱ्या कुटुंबालाच थांबावे लागते. खुर्ची सकाळीच घ्यावी. आजींनी चालावे आणि खुर्चीत पिशव्या ठेवाव्यात. दमल्यावर ती आपोआप कामी येते.

रांगेचे गणित

कोणत्या राइडला किती वेळ थांबावे लागेल, हे केवळ गर्दीवर अवलंबून नसते. ती राइड तासाला किती माणसे पुढे सरकवते, यावर ते ठरते. समजा, रांगेत ६०० माणसे आहेत. तासाला २,४०० माणसे नेणाऱ्या राइडला ही रांग पंधरा मिनिटांत ओसरते. तासाला ८०० माणसे नेणाऱ्या राइडला त्याच रांगेसाठी पाऊण तास लागतो. लांब दिसणारी रांग म्हणूनच नेहमी मोठी नसते आणि आखूड दिसणारी नेहमी छोटी नसते.

हाँटेड मॅन्शनमधील पाळण्यासारख्या गाड्या एकाच साखळीत अखंड फिरत असतात. माणसे चढण्या-उतरण्यासाठी त्या थांबत नाहीत. पायरेट्स ऑफ द कॅरिबियनमध्ये एकामागून एक मोठ्या होड्या सुटतात. या दोन्ही राइड तासाला दोन हजारांहून अधिक माणसांना नेऊ शकतात, म्हणून भरदुपारीही तेथील रांग दर्शनबारीसारखी सरकत राहते. याउलट पीटर पॅन्स फ्लाइटमध्ये छतावरील रुळाला टांगलेल्या छोट्या होड्यांत दोन-तीन माणसेच मावतात. उद्यानाच्या पहिल्या दिवसापासून चालू असलेली ही राइड जेमतेम काही मिनिटांची आहे, परंतु दिवसभर तिची रांग हटत नाही.

यातून सोपा नियम निघतो. कमी माणसे नेणाऱ्या लोकप्रिय राइड सकाळी उघडताच किंवा रात्री अगदी शेवटी कराव्यात आणि पुष्कळ माणसे नेणाऱ्या राइड दुपारसाठी राखून ठेवाव्यात.

कोणत्या राइड चुकवू नयेत

'प्रसिद्ध दहा' अशी यादी घेऊन गेलेले कुटुंब दिवसभर धावत राहते. त्यापेक्षा घरातील प्रत्येकाने आपली एक राइड निवडावी आणि त्यात सर्वांनी मिळून करायच्या चार राइड मिळवाव्यात. आजी-आजोबा, मुलगा-सून, बारा वर्षांची नात आणि शंभर सेंटिमीटर उंचीचा चार वर्षांचा नातू, अशा सहा जणांच्या घरासाठी ही यादी दहाच्या आत राहते आणि दिवसात बसते. आजींनाही त्यांची निवड विचारावी. 'मला काय, तुम्ही बसा' हे उत्तर पहिल्यांदा येईल. ते अंतिम धरू नये.

सर्वांनी मिळून करायच्या राइडमध्ये पहिला मान डिस्नेलँड रेलरोडचा. उद्यानाभोवती फिरणारी ही वाफेच्या इंजिनाची गाडी चार स्थानकांवर थांबते. तिच्यासाठी उंचीची अट नाही आणि एका फेरीत ग्रँड कॅन्यनचा देखावा व डायनोसॉरचे जग पाहायला मिळते. कोळशाच्या इंजिनाच्या आठवणी असलेल्या आजोबांनी नातवाला काही सांगावे, अशी ही जागा आहे.

दुसरी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'. १९६४-६५च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी तयार झालेली ही संथ जलसफर १९६६ पासून येथे आहे. जगभरातील देशांच्या पोशाखातील बाहुल्या एकच गाणे गात असतात आणि त्यांत भारतीय वेशातील बाहुल्याही दिसतात. तिसरी पायरेट्स ऑफ द कॅरिबियन. वॉल्ट डिस्ने यांनी जातीने लक्ष घालून घडविलेली ही राइड मार्च १९६७ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वीच डिसेंबर १९६६ मध्ये त्यांचे निधन झाले होते. सुमारे पंधरा मिनिटांच्या या सफरीत होडी अंधारात दोनदा उतारावरून खाली घसरते. उतार मोठे नाहीत, मात्र ज्येष्ठांना आणि लहानग्यांना आधी कल्पना द्यावी. चौथी जंगल क्रूझ. १९५५ पासूनच्या या नौकेवरील चालक वाटेत विनोद करीत असतो. तो इंग्रजीत बोलतो आणि शाब्दिक कोट्या करतो, म्हणून कुणीतरी आजींना अर्थ सांगत राहावे. पाण्यात डुंबणाऱ्या भारतीय हत्तींचा कळप पाहण्यासाठी मात्र भाषेची गरज पडत नाही.

बसून पाहण्याजोगा एक कार्यक्रमही यात धरावा. १९६३ साली सुरू झालेल्या एन्चांटेड टिकी रूममध्ये छताखालचे यांत्रिक पक्षी आणि फुले गातात. यंत्राच्या साहाय्याने बोलत्या-हालत्या आकृत्या घडविण्याच्या डिस्नेच्या तंत्राचा हा आरंभीचा प्रयोग होय. दुपारच्या उन्हात पंधरा मिनिटे गार हवेत बसायला मिळते, हा त्याचा आणखी एक गुण.

हाँटेड मॅन्शनमध्ये थोडे भय आणि पुष्कळ गंमत आहे. आरंभी एका बंद खोलीच्या भिंती उंच उंच होत असल्याचा भास होतो. वास्तविक ती खोली ही एक उद्वाहक असून, ती प्रेक्षकांना जमिनीखाली नेते, कारण राइडचा मोठा भाग रेल्वेच्या बांधापलीकडे आहे. येथे सरकत्या पट्ट्यावरून चालत्या गाडीत चढावे लागते. काठी घेऊन चालणाऱ्यांनी कर्मचाऱ्यांना आधीच सांगावे, म्हणजे ते गती कमी करतात.

बारा वर्षांच्या नातीसाठी स्पेस माउंटन (१९७७), मॅटरहॉर्न (१९५९) आणि इंडियाना जोन्स (१९९५) ही त्रयी. मॅटरहॉर्न हे पोकळ पोलादी नळ्यांच्या रुळांवर धावणारे पहिले रोलर कोस्टर मानले जाते. आजच्या बहुतेक पोलादी रोलर कोस्टरांचे ते पूर्वज होय. इंडियाना जोन्सचे कथानक भारतातील जंगलात दडलेल्या एका काल्पनिक देवळात घडते. आपल्याकडच्या देवळांशी त्याचे साम्य शोधण्याच्या भानगडीत न पडता ते चित्रपट म्हणूनच पाहावे. नातवाला यांपैकी एकही मिळणार नाही, पण मिलेनियम फाल्कनची अट ९७ सेंटिमीटरची असल्याने तेथे तो बसू शकतो. शिवाय पीटर पॅन्स फ्लाइट, डम्बोचे उडते हत्ती आणि किंग आर्थर कॅरोसेलचे लाकडी घोडे त्याच्यासाठी आहेतच.

'आजी आहेत ना'

लहान मुलामुळे एका पालकाला बाहेर थांबावे लागू नये, यासाठी डिस्नेलँडमध्ये 'रायडर स्विच' ही विनामूल्य सोय आहे. राइडच्या तोंडाशी कर्मचाऱ्यांना सांगायचे; एक पालक मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग थांबलेल्या पालकाला मुख्य रांगेत नव्याने उभे न राहता आत सोडले जाते. मराठी कुटुंबांत ही सोय फारशी वापरली जात नाही, कारण तिचा पर्याय घरातच असतो. 'आजी आहेत ना, त्या सांभाळतील' असे म्हणून सगळे आत जातात. एकदा असे होणे स्वाभाविक आहे. दिवसभर प्रत्येक राइडला असे झाले, तर आजी सहलीला आल्या की कामावर, असा प्रश्न पडतो.

त्यावर उपाय हा की, वेगवान राइडच्या वेळी रायडर स्विच वापरावे आणि त्या वेळात आजी-आजोबांनी आपली निवड पुरी करावी. नात आणि तिची आई स्पेस माउंटनच्या रांगेत असताना वडिलांनी नातवाजवळ थांबावे. आजी-आजोबांनी जवळच्या टुमॉरोलँड स्थानकावरून रेल्वेची फेरी करून यावे. मुलाला सांभाळण्याची पाळी आजींवर आलीच, तर ती दिवसातून एकदा यावी आणि तीही सावलीत, हातात थंड पेय असताना.

दिवसाची आखणी

उद्यान उघडण्याच्या पाऊण तास आधी फाटकापाशी पोहोचावे. सामानाची तपासणी आणि तिकिटाची रांग यांत तेवढा वेळ जातो. सकाळचे पहिले दोन तास सोन्याचे. या वेळात नातवासाठी पीटर पॅन आणि डम्बो, नातीसाठी मॅटरहॉर्न उरकावे. दहा-साडेदहानंतर जंगल क्रूझ व इंडियाना जोन्स करावे. दोन्ही शेजारी-शेजारी आहेत. बाराच्या आत जेवून घ्यावे, कारण साडेबारानंतर उपाहारगृहांतही राइडइतकीच रांग लागते. दुपारी पायरेट्स, हाँटेड मॅन्शन, टिकी रूम आणि रेल्वे.

हॉटेल जवळ असल्यास तीन ते पाच या वेळात परत जाऊन विश्रांती घ्यावी. त्याच दिवशी पुन्हा प्रवेश मिळतो. बाहेर पडताना त्यासंबंधीची सूचना पाळावी. पैसे देऊन झोपायचे काय, असे अनेकांना वाटते. परंतु दुपारी झोपलेले मूल आणि पाय मोकळे केलेले आजोबा रात्रीच्या आतषबाजीपर्यंत हसतमुख राहतात. संध्याकाळी स्पेस माउंटन, इट्स अ स्मॉल वर्ल्ड आणि उरलेल्या राइड कराव्यात. आतषबाजीच्या वेळी बरेच लोक किल्ल्यासमोर जमतात, त्यामुळे त्या वेळात इतर राइडच्या रांगा काहीशा आखूड होतात. त्या वेळेचा उपयोग नातीसाठी करून घेता येतो.

खाणेपिणे आणि सामान

१९५५ साली उद्घाटनाच्या दिवशी नळकामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ अपुरे होते आणि कडक उन्हात लोकांचे हाल झाले. आता तशी स्थिती नाही. पेये विकणाऱ्या उपाहारगृहांत मागितल्यास पेलाभर थंड पाणी फुकट मिळते. घरचे खाणे आत नेण्यास मनाई नाही. काचेची भांडी आणि मद्य मात्र नेता येत नाही. तेव्हा पोळीची गुंडाळी, मेथीचे ठेपले, चिवडा, लाडू पिशवीत असावेत. मधुमेही व्यक्तीला जेवणाच्या वेळेत रांगेत अडकून राहणे परवडत नाही, म्हणून हे केवळ काटकसरीपुरते नाही. मेनूवर 'प्लांट-बेस्ड' असे लिहिलेले पदार्थ शाकाहारी मंडळींना चालतात. रात्री गरम वरणभाताची आठवण झालीच, तर सुमारे वीस किलोमीटरवरील आर्टिशिया या गावात पायोनियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर भारतीय शाकाहारी उपाहारगृहे आणि मिठाईची दुकाने आहेत.

सामान मोजके असावे. वापरलेले, पायाला सरावलेले बूट, टोपी, संध्याकाळसाठी स्वेटर, औषधे, फोनची अधिकची बॅटरी आणि मुलाचा एक कपड्यांचा जोड एवढे पुरते. टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचरमध्ये कपडे भिजतात. साडी नेसलेल्यांनी हे ध्यानात घ्यावे. सेल्फी काठीला २०१५ पासून बंदी आहे, तर उद्यानाच्या आत धूम्रपानास २०१९ पासून मनाई आहे. बाबागाडीच्या आकारालाही मर्यादा आहे. तान्ह्या बाळाला पाजण्यासाठी आणि लंगोट बदलण्यासाठी मेन स्ट्रीटच्या टोकाला बाळांचे काळजी केंद्र आहे.

ताटातूट झाल्यास

किल्ल्यासमोर वॉल्ट डिस्ने आणि मिकी माउस यांचा हात धरलेला पुतळा आहे. ताटातूट झाल्यास तेथे जमायचे, हे सकाळीच सर्वांना दाखवून ठेवावे. भारतातून आलेल्या ज्येष्ठांच्या फोनला तेथील सेवा नसेल, तर त्यांच्या खिशात मुलाचा फोन क्रमांक आणि हॉटेलचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी. मुलाच्या मनगटावरही क्रमांक लिहावा. नावाची पट्टी लावलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्याला सांगितले की मदत मिळते, हे त्याला शिकवून ठेवावे.

ग्रिफिथ पार्कमधील मेरी-गो-राउंडजवळचा एक जुना बाक पुढे डिस्नेलँडमध्ये आणून प्रदर्शनात मांडण्यात आला. किंग आर्थर कॅरोसेलवरचे लाकडी घोडे आजही फिरत आहेत. तेथे उंचीची अट नाही, धक्के नाहीत आणि रांगही बहुधा मोठी नसते; घोड्यावर चढणे जमत नसेल, त्यांच्यासाठी बसून जाण्याची जागाही आहे. नातू घोड्यावर बसेल तेव्हा आजींनी बाहेर उभे राहून हात हलवायचा की त्याच्या शेजारी बसायचे, एवढे आधी ठरले, तर बाकीच्या दिवसाची आखणी अवघड जात नाही.